पाणी धरलेलं शेत

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि तीही भर दिवसा, हातात फावडं घेऊन, दोन माणसांच्या डोळ्यांदेखत. त्यातलं एक माणूस मी आणि दुसरे माझे यजमान. आम्ही त्यांना अडवलं तर नाहीच, उलट माती ओढायला मदत केली. त्यामुळे पुढे जे झालं त्यात आमचाही वाटा होता, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा आम्ही जबलपूरला चेरीतालमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. यजमान लष्करी सामानाच्या फॅक्टरीत फिटर. सासऱ्यांना मी वऱ्हाडच्या रीतीने मामाजी म्हणायची. ते रेल्वेतून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांची सगळी नोकरी रुळांखालचे मातीचे भराव सांभाळण्यात गेली. पावसाळ्यात कुठे भराव खचला की टोळी घेऊन मामाजी तिथे. असा माणूस रिटायर होऊन दोन खोल्यांत बसला की घरच्यांचं काय होतं, ते ज्यांच्या घरी होतं त्यांनाच ठाऊक. मी डाळ धुतली तरी पाणी कुठून वाहतं ते ते बघायचे. म्हणून त्यांनी गावाकडचा आपला वाटा भावांच्या हवाली करून अधारतालच्या पलीकडे अडीच एकराचा तुकडा घेतला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला.

जमीन काळी, भुसभुशीत. चारी बाजूंनी माझ्या छातीपर्यंत येईल असा मातीचा बांध. एवढा उंच बांध कशाला, हे आम्ही कुणाला विचारलं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने असलं काही विचारायचं म्हणजे कमीपणाच.

आषाढात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी आम्ही तिघं शेतावर गेलो आणि मामाजींनी डोक्याला हात लावला. शेत कुठे होतं? तळं होतं ते. पाणी गुडघाभर, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत.

"अरे बापा!" मामाजी म्हणाले. "हे काय होऊन राहिलं! पहिल्या मालकानं पानी जायाले तोंडच नाही ठेवलं. काहून असं सोडलं असंन?"

कापसाच्या मुलखातल्या माणसाला शेतात तुंबलेलं पाणी म्हणजे घरात शिरलेला साप. आधी बाहेर काढायचं, बाकीचं मग. मामाजींनी नजरेने उतार काढला, खालचा कोपरा धरला आणि फावडं घातलं. बांध फुटला तसं पाणी धडाधडा निघालं. अर्धा दिवस ते वाहत होतं आणि आम्ही तिघं खुळ्यासारखे खूश होऊन बघत होतो. मामाजींनी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या.

आमच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं. आजूबाजूचे सगळे त्यांना दद्दा म्हणत, म्हणून आम्हीही. ते बांधावरून धावतच आले, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलेलं.

"काय बाबूजी, पूरो पानी छोड़ दओ?"

"खेत में पानी खड़ा था, भाई," मामाजी आपल्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाले. "निकाल दिया. सब सड़ जाता."

"का सड़ जातो? खेत में तो कछु बोओ नइयां!"

पेरलेलंच काही नाही तर कुजणार काय, एवढं बोलून ते उलट पावली धावत गेले, कारण आमचं सगळं पाणी त्यांच्या शेतात घुसलं होतं. त्यांचं शेत आधीच काठोकाठ भरलेलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा बांध दोन ठिकाणी फुटला.

मग कळलं ते असं. त्या भागात पावसाळ्यात शेतात काही पेरतच नाहीत. चारी बाजूंनी बांध घालून पावसाचं पाणी शेतातच कोंडतात, तीन-तीन महिने. तण पाण्याखाली कुजतं, माती पोटभर पाणी पिते. दसऱ्याच्या सुमारास वरचा शेतकरी आपलं पाणी खालच्याच्या शेतात सोडतो, तो त्याच्या खालच्याला. मग त्या लोण्यासारख्या मातीत आधी वेगळी नांगरट न करता गहू-हरभरा पेरायचा. पुढे विहीर नको, मोट नको, त्या ओलीवरच पीक येतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं, कारण आम्ही शहाणे होतो.

मामाजींनी त्या वर्षी हट्टाने ज्वारी पेरली. ती वीतभर वाढली आणि पिवळी पडली. कांस नावाचं चिवट रानगवत मात्र छातीएवढं माजलं. दिवाळीपर्यंत जमीन भेगाळून दगड झाली. मामाजी एका भेगेजवळ बसले आणि त्यांनी आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग ते उठले, हात झटकला, घरी आले, आणि त्यानंतर शेतावर पाय ठेवला नाही. दुसऱ्या वर्षी यजमानांनी बांधाचं भगदाड कसंबसं बुजवलं, पण पाणी झिरपून गेलं, आणि जे काही उगवलं ते चिमण्यांनी खाल्लं.

तिसरं साल म्हणजे पासष्टच्या लढाईचं. चीनची लढाई झाल्यापासूनच फॅक्टरीत कामाचा रेटा वाढला होता. यजमान सकाळी डबा घेऊन जात ते चेहरा काळा करून येत. जेठ महिन्यात एकदा जेवताना ते म्हणाले, "या होळीपर्यंत पाहू. गहू घरात आला तर ठेवू शेत. नाही तर देऊन टाकू. रोज तिकडं जायाले कोण बसून राहिलं?"

मामाजी ताटात बघत राहिले. "देऊन टाका," म्हणाले. "माहीच चूक हाय."

माझा पारा चढला. "मी बसून राहिली ना," मी म्हटलं. "मी जाते रोज. होळीले गहू आणून दाखवते तुम्हाले."

हे बोलून गेले तेव्हा मला गव्हाची पेरणी कशी करतात तेही धड ठाऊक नव्हतं. पण ते शेत मला सोडायचं नव्हतं, आणि त्यामागे धान्य हे कारण नव्हतंच, हे आता कबूल करायला हरकत नाही. चेरीतालच्या खोलीत माझं डोकं छताला टेकल्यासारखं वाटायचं. शेजारच्या बायका आल्या की एकच विचारायच्या, चार वर्षं झाली, अजून काही नाही का? शेतावर मला असलं विचारणारं कुणी नव्हतं. बांधावर फतकल मारून बसावं, भाकरीवर ठेचा घ्यावा, कांदा बुक्कीने फोडावा, मोठ्याने गावं, बेसूर गावं, पाय पाण्यात सोडावेत. एवढंच माझं सुख. ते कुणी माझ्या हातातून काढून घेईल, हे मला सहन होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दद्दांकडे गेले आणि सरळ म्हटलं, दद्दा, मला शिकवा.

दद्दांनी बिडी विझवली. "बहू, सच्ची कहूं? तुम छोड़ दो तो हम ले लें. ऊपर को खेत है. जाके हाथ में ऊपर को पानी, ओई के हाथ में हमरी गर्दन."

मला त्यांचं तोंडावर बोलणं आवडलं. "सोडलं तर तुम्हीच घ्या," मी म्हटलं. "पण अजून सोडलं नाही. शिकवता की नाही?"

ते हसले. "हओ," म्हणाले. तिकडे होकाराला हओ म्हणतात.

आणि त्यांनी खरंच शिकवलं. आधी भगदाडातली पोकळ माती सगळी उकरून काढायला लावली, मग थरावर थर, प्रत्येक थर पायाने तुडवून. पाऊस सुरू झाल्यावर रोज चारी बांधांवरून फेरी. बांधाचे खरे वैरी खेकडे. ते बिळं करतात, बोटाएवढी दिसतात, आणि दोन दिवसांत त्यातून हात जाईल एवढी धार लागते. बीळ दिसलं की ओल्या मातीत गवत मळायचं, गोळा कोंबायचा आणि वरून टाच मारायची. टाचच, हात नाही. दद्दा म्हणत, हाताने बुजवलेलं खेकड्याला कळतं. खरंखोटं देव जाणे, पण मी टाचेनेच बुजवलं.

चेरीतालहून अधारतालपर्यंत कधी टांगा मिळायचा, कधी पायी, आणि पुढे सगळा चिखल. पण बांधावर चढले आणि ते पाणी समोर पसरलेलं दिसलं की माझा सगळा शीण जायचा. बगळे यायचे, बेडूक इतके ओरडायचे की स्वतःशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. बांधावर दद्दांनी तूर टोकायला लावली होती, ती वर येत होती. कडेला तरोटा उगवायचा, त्याची कोवळी पानं खुडून ओटीत भरायची, घरी लसूण घालून भाजी. फॅक्टरीचा भोंगा तिथवर ऐकू यायचा. दुपारचा भोंगा झाला की मी डबा उघडायची. यजमानही त्याच वेळी उघडत असतील, म्हणून ते जेवण मी एकटीचं धरत नसे.

घरी मामाजी शेताचं नाव काढत नसत. मी दारात आले की फक्त माझ्या पायांकडे बघत. पाण्यातून चालल्याने पोटरीवर चिखलाची रेघ उमटलेली असे, आणि ती कुठवर आहे त्यावरून शेतात पाणी किती ते त्यांना कळे. श्रावणात रेघ गुडघ्यावर गेली. मामाजी बघून आत गेले आणि त्यांनी आपल्या हाताने मला पाय धुवायला पाणी काढून दिलं. सासऱ्यांनी सुनेला पाणी काढून द्यायचं म्हणजे तेव्हा काय होतं, ते आजच्या मुलींना सांगून कळणार नाही.

भाद्रपदात लढाई पेटली. यजमानांची बारा-बारा तासांची ड्यूटी, सुट्टी बंद. ताटावर बसले की घास हातात असतानाच डोळे मिटायचे. गल्लीत एकच रेडिओ होता, त्याच्याभोवती सगळा मोहल्ला. आणि त्याच दिवसांत पाऊस गेला. जातो-येतो असं नाही, गेलाच. आकाश असं निरभ्र झालं की बघवेना.

माझ्या शेतात पाणी होतं. दद्दांच्या शेतात नव्हतं. श्रावणात ते मुलीच्या बाळंतपणासाठी पाटनला गेले असताना त्यांचा बांध फुटला होता. कुठे फुटला ते मी बघून आले होते. पहिल्या वर्षी आमच्या पाण्याने जिथे फोडला होता त्याच दोन जागी. त्यांनी येऊन बांध नीट केला, पण वरून थेंब पडेना. आता त्यांच्या शेतात कांस हिरवं होऊ लागलं होतं.

ते काही बोलले नाहीत. रोज सकाळी यायचे, आमच्या बांधावर उकिडवे बसायचे, बिडी ओढायचे आणि माझ्या पाण्याकडे बघायचे. दसऱ्याला ते पाणी रीतीप्रमाणे त्यांच्याकडे जाणारच होतं, पण तोवर त्यांचं तण कमरेला लागलं असतं. त्यांना पाणी आत्ता हवं होतं. आणि आत्ता सोडलं तर माझं शेत तीन आठवडे आधीच उघडं पडणार, तेही असल्या कोरड्या वर्षी. एकदा फोडलेला बांध वाहत्या पाण्यात मिटवता येत नाही, असं सगळेच सांगत. म्हणजे द्यायचं तर सगळं, नाही तर काहीच नाही.

मला ते त्यांचं न बोलणं खायला उठलं. मागितलं असतं तर भांडले तरी असते.

रविवार होता, पण यजमान ड्यूटीवर निघाले होते. मी सगळं त्यांना सांगितलं. ते बुटाची नाडी बांधता बांधता थांबले.

"अच्छा. म्हणजे आपलं पाणी त्यांना द्यायचं. मग आपलं पीक बुडालं की शेत जाणार कोणाले? त्यांनाच ना? तू आपल्या हातानं देऊन राहिली."

"त्यांचा बांध कोणामुळे कच्चा झाला?" मी म्हटलं.

"ते मला नको सांगू. होळीची गोष्ट तूच बोलली होती." सायकल काढून ते गेले. ते चुकीचं काहीच बोलले नव्हते, म्हणून मला जास्त राग आला. मी भांडी इतक्या जोरात आपटली की एका पातेल्याला पोचा आला. तो अजून आहे.

तेवढ्यात मामाजींचा आवाज आला. दोन वर्षांत शेताबद्दलचा त्यांचा पहिला प्रश्न.

"पानी किती हाय?"

मी पोटरीवर बोट ठेवून दाखवलं. गुडघ्याच्या चार बोटं खाली.

"अर्धं देऊ," ते म्हणाले. "सगळं नाही."

"उघडलेला बांध मिटत नाही म्हणतात, मामाजी."

"कोन म्हनते?" मामाजी ताडकन उभे राहिले. "मंग मी इतकी वर्सं नोकरीत काय केलं?"

आमच्या दारात पायरी म्हणून रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे लाकडी तुकडे टाकलेले होते. मामाजींनी ते उपटले. दोन फळ्या शेजाऱ्याच्या मोरीवरून, न विचारता. टांगेवाला एवढं ओझं बघून कुरकुरला, तर मामाजींनी त्याला असा आवाज दिला की घोडाच आधी निघाला. अंगात खाकी हाफपँट, पायात नोकरीतले बूट.

बांधावर चढल्यावर मात्र ते थबकले. पाणी समोर होतं. 

"इतकं धरलं तू?" ते म्हणाले.

मला रडू आलं, पण मी फावडं उचललं, कारण रडायला वेळ नव्हता.

त्यांनी बांध आधी फोडला नाही. जिथे तोंड करायचं तिथे बांधाच्या पोटात दोन्ही अंगांना लाकडं ठोकली, त्यांच्या खाचेत फळ्या आडव्या, एकावर एक बसवल्या, फटींत गवत आणि चिकणमाती ठासली. मी माती मळून देत होते. मग फळ्यांच्या पुढची माती हळूहळू काढली. फळ्यांनी पाणी धरलं. थेंब थेंब गळत होतं, बस.

दद्दा येऊन उभे राहिले होते. मामाजी त्यांच्याकडे वळले. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर घाम.

"दद्दा," ते म्हणाले, "पिछली बार बिना पूछे दिया था. इस बार पूछ के दे रहा हूं. चाहिए?"

दद्दांनी डोक्यावरचा पंचा काढला आणि उगाच हातात चुरगाळला. "हओ," म्हणाले. मग, "और तुमरो गेहूं, बाबूजी?"

"वो बहू देखेगी."

मामाजींनी वरची फळी उचलली. पाणी हातभर रुंद, शांत, एकसारखं खाली उतरू लागलं. पहिल्या वेळचा तो धडाडा नाही की काही नाही. दोन दिवस तसंच जाऊ दिलं. मामाजी बांधावरच बसून, माझ्या डब्यातली भाकरी खात. तिसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याला त्यांनी फळी परत खाली बसवली, वरून माती ठासली आणि टाच मारली. पाणी थांबलं. बांध मिटला.

यजमानांना मी रविवारी रात्रीच सांगितलं होतं. ते फक्त "चलो, झालं," म्हणाले. आठवडाभर माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. मीही तेवढंच.

उरलेलं पाणी पोटरीच्या निम्म्यावर होतं. वरचा कोपरा उघडा पडला आणि तिथे कांस फुटलं. मी रोज जाऊन ते मुळासकट उपटत राहिले. हाताची सालं निघाली, त्यावर हळद, आणि परत दुसऱ्या दिवशी. होळी माझ्या डोक्यात सारखी घणघणत होती. शेत गेलं तर मला खोलीत बसायचं होतं, आणि मला खोलीत बसायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते.

दसऱ्याच्या आधी उरलेलंही सोडलं. मातीला वाफसा आला, म्हणजे मूठ वळली तर वळावी आणि टाकली तर फुटावी इतपत ओल. त्या सकाळी पोचले तर दद्दांचे बैल माझ्या शेतात उभे. स्वतःचं शेत पेरायचं राहिलं होतं त्यांचं.

"पानी ऊपर से आओ, बोनी भी ऊपर से," एवढंच म्हणाले, म्हणजे पाणी वरून आलं तर पेरणीही वरूनच. नांगराला मागे बांबूची नळी बांधलेली, तिच्यात मी मुठीने बी सोडत चालले. गहू आणि हरभरा मिसळून. त्याला ते लोक बिर्रा म्हणतात. अनवाणी पायाला ती माती इतकी गार आणि मऊ लागत होती की मी मुद्दाम हळू चालले. दद्दा दोनदा ओरडले.

पुढचे तीन महिने मी सुखाने वेडी झाले होते, दुसरा शब्द नाही. हरभऱ्याचे शेंडे खुडायला लागलं की बोटं आंबट होतात, ती चाटायची. पहाटेच्या दवात हरभऱ्यावरून स्वच्छ फडकं ओढून पिळलं की आंब निघते. कॅन्टीनच्या खाण्याने आणि जागरणाने यजमानांचं पोट बिघडलं होतं, त्यांना मी ती चमचाभर द्यायची. तोंड वाकडं करून घ्यायचे, पण घ्यायचे. त्यावरून आमचं बोलणं परत सुरू झालं.

लढाई थांबली होती तरी कामाचा रेटा पौषापर्यंत उतरला नाही. मग एके दिवशी त्यांना सुट्टी मिळाली आणि ते स्वतःहून म्हणाले, "चल, पाहू दे तुझं शेत."

मी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले, वांगं भाजलं. दद्दांनी ते बघून म्हटलं, अरे, ये तो हमरे गक्कड़ हैं. मामाजी म्हणाले, नाही, हे आमचे रोडगे. दोघं त्यावरून वाद घालत घालत सगळे संपवून बसले. हिरवा हरभरा पाल्यासकट जाळात टाकून मी हुळा केला. यजमानांनी काळ्या हातांनी सोलून खाल्ला, ओठ काळे करून घेतले आणि तिथेच उन्हात, पेंढ्यावर आडवे झाले. झोपले. दुपारचा भोंगा झाला, त्यांना ऐकूच गेला नाही. कित्येक महिन्यांत त्या भोंग्याने त्यांना उठवलं नाही असा तो पहिला दिवस. मी त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून सरकून बसले, आणि पाय सुन्न झाला तरी हलले नाही.

होळीच्या आधी कापणी झाली. वरचा कोपरा विरळच निघाला, गव्हाची ओंबी लहान होती. हरभरा मात्र चांगला. दद्दांचं पीक माझ्यापेक्षा बरं आलं, आणि ते सांगताना त्यांना संकोच वाटला. आमच्या खोलीचा एक कोपरा पोत्यांनी भरला. दोन भरतील असं मी मनात धरलं होतं.

यजमानांनी पोत्यांवरून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. होळी झाली. रंगपंचमी झाली. गहू घरात आला होता, पण एवढा गहू म्हणजे आला की नाही आला? विचारायला माझी जीभ रेटेना. मी बोलून दाखवलं होतं, आता बोलायची पाळी त्यांची होती.  दद्दा एकदाच म्हणाले, "बहू, खेत की अब हम नइयां पूछ रहे," आणि दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागले. मी पोळ्या लाटायची आणि प्रत्येक पोळीला वाटायचं, ही शेवटच्या गव्हाची.

वैशाखातला सुट्टीचा दिवस. यजमान चहा पिऊन उठले आणि मामाजींना म्हणाले, "बाबा, फावडं कुठं ठेवलं?"

"कायले?"

"पावसाच्या आधी बांध चढवावा लागते ना? मातीचं काम आत्ताच करा लागंन."

 मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला, निघायला.

उन्हं तापायच्या आत आम्ही तिघं शेतावर पोचलो. जमीन पुन्हा भेगाळली होती, पण या वेळी ती पीक देऊन भेगाळली होती. यजमान बांधावर चढले, फावडं खांद्यावर. इकडे तिकडे पाहिलं.

"कुठून सुरू करू, बाबा?"

मामाजी चालू लागले. आम्ही मागून. त्यांनी बसवलेल्या फळ्यांचं तोंड लागलं, ते ओलांडून ते पुढे गेले, खालच्या कोपऱ्यापर्यंत. तिथल्या मातीचा रंग अजून वेगळा होता, जुन्या कपड्याला ठिगळ लावल्यासारखा. मामाजींनी बुटाने त्या जागी रेघ ओढली.

"इथून," ते म्हणाले. "मी फोडला होता तिथून."

यजमानांनी माती टाकली. मामाजींनी बूट काढले, धोतर वर खोचलं आणि ती माती तुडवायला लागले. मी घागरीने पाणी शिंपडत होते. थरावर थर, दुपारच्या भोंग्यापर्यंत.

घरी आलो तेव्हा सवयीने मी दारात थांबले, मामाजी माझ्या पायांकडे बघतील म्हणून. त्यांनी पाहिलं नाही. ते माझ्या पुढे उभे होते, त्यांचेच पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, आणि आतून मी पाणी आणून देईन म्हणून वाट बघत होते.